उनझिऱ्याचे हादरे

फैजपूरच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या नूतन भंगाळे यांना एक छंद होता, आणि तो त्यांनी स्टाफरूममध्ये कुणालाच सांगितला नव्हता. आइसलंडमधल्या एका ज्वालामुखीजवळ जमीन हादरायला लागली की त्या मोबाईलवर तिथला थेट आलेख उघडून बसायच्या. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ सरकत राहायची आणि मध्येच थरथरून उठायची. दिवसाला हजार हजार हादरे. आलेखाखाली जगभरची हौशी माणसं लिहीत असत. हा मोठा होता, केंद्र समुद्राकडे सरकलंय, तासभर सगळं गप्प का आहे. नूतनताई स्वतः काही लिहीत नसत. नुसत्या वाचत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्या गर्दीत त्यांना एक नाव दिसलं. 'इसाक मोटर वाइंडिंग, फैजपूर.' या माणसानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की आत्ताचा हादरा तीनच्या वरचा निघणार. पाच मिनिटांनी तिकडच्या वेधशाळेनं आकडा दिला. तीन पूर्णांक दोन.

नूतनताईंनी चष्मा पुसून नाव पुन्हा वाचलं. बसस्टँडमागच्या त्या दुकानात त्यांनी घरची पाण्याची मोटर दोनदा भरायला दिली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या दुकानात गेल्या. इसाकभाई साठीचे, पांढरी दाढी, बोटांना वॉर्निश. जळक्या मोटरीतली तार उपसत बसले होते.

"इसाकभाई, काल तीनच्या वरचा हादरा तुम्ही कसा ओळखलात?"

इसाकभाईंच्या हातातली पकड थांबली. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी आधी दुकानाबाहेर पाहिलं, मग आत पाहिलं.

"मॅडम, तुम्ही पण?"

त्या संध्याकाळी नूतनताई घरी दीड तास उशिरा पोचल्या.

महिनाभरात तिसरा माणूस मिळाला. लीलाधर झोपे केळीचे बागायतदार. बोअरची मोटर दुरुस्तीला घेऊन आले आणि या दोघांचं बोलणं ऐकत तासभर उभेच राहिले. मग म्हणाले, "मी एकोणीस वर्षं झाले, बोअरच्या पाण्याची पातळी आन् पाणी किती गरम हाये ते रोज लिहून ठेवतो. घरी कोणी इचारत नाही. तुमाले पाह्याचं का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सात वह्या आणल्या. नूतनताईंनी त्या खरोखरच वाचल्या. तेव्हापासून लीलाधरभाऊ त्यांचे झाले, आणि त्यांची जीपही.

दुसऱ्याच्या देशातले हादरे पाहून किती दिवस समाधान व्हायचं? इसाकभाईंनी स्वतःचं यंत्र बांधायला घेतलं. जुन्या लाउडस्पीकरचं मोठं लोहचुंबक, ते लटकवायला स्प्रिंग, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे वेढे. जमीन हलली की वेढे हलतात, चुंबक जागच्या जागी राहतं आणि तारेत किंचित वीज उठते. आयुष्यभर तारेचे वेढे घालणाऱ्या माणसाला ते काम हाताचं होतं. त्यांची मुलगी निलोफर जळगावला संगणक शिकत होती. तिनं त्या विजेची लॅपटॉपवर रेघ करून दिली. पहिल्याच महिन्यात हिंदुकुश पर्वतातला एक मोठा भूकंप त्या रेघेत उमटला. इसाकभाईंच्या पत्नी हमीदाभाभींनी त्या आनंदात शिरा केला आणि आपण कशाचा शिरा खातोय हे शेजाऱ्यांना नीट समजलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बातमी आली. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला, उनझिरे नावाच्या गावात जमिनीतून आवाज येतायत.

उनझिरे नाव पडलं ते तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावरून. बारा महिने पाणी ऊन. कातडीच्या रोगाला बरं म्हणून लांबून लोक अंघोळीला येतात. त्या वर्षी पाऊस फार झाला होता, आणि सप्टेंबरच्या अखेरीस कुंडाचं पाणी गढूळ झालं. मग आवाज सुरू झाले. पत्र्यावर धान्याचं पोतं आदळावं तसा धडाम, आणि पाठोपाठ भांड्यांची किणकिण.

रविवारी तिघे जीपनं निघाले. गावात पोचले तर पारापाशी पन्नाशीची एक बाई हात कमरेवर ठेवून उभी होती. झुंबरबाई. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, दहा एकर कापूस स्वतः पाहायच्या, पाच वर्षं सरपंच राहिलेल्या. गावात कोण आलं, कोण गेलं हे आधी त्यांना सांगावं लागे.

"तुम्ही सरकारना मानसं शेतस का?"

"नाही अक्का," नूतनताई म्हणाल्या. "आम्ही हौशी आहोत. भूकंपाचा अभ्यास करतो."

"धरती हालस, आनि तुमले तिनी हौस?"

तेवढ्यात पायाखालून धडाम झालं. पारावरचे लोक उठून उभे राहिले, एक कुत्रं भुंकत पळालं. आणि इसाकभाई, त्यांना नंतर याची फार लाज वाटली, टाळ्या वाजवून "या अल्लाह, काय साफ आला!" असं ओरडले.

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चला, चहा ल्या."

इसाकभाईंनी आणखी दोन यंत्रं बांधली आणि तिन्ही तीन ठिकाणी बसली. एक शाळेत, एक कुंडाजवळच्या महादेवाच्या देवळात, तिसरं झुंबरबाईंच्या घरी, कापूस ठेवायच्या खोलीत. तीनच का, असं झुंबरबाईंच्या मुलीनं विचारलं. रूपा तिचं नाव. बी.एस्सी. झालेली, लग्न ठरलेलं. नूतनताईंनी अंगणात काडीनं रेघा मारून सांगितलं.

"भूकंप होतो तिथून दोन लाटा एकदम निघतात. समज, एक मोटारसायकल आणि एक बैलगाडी. मोटारसायकल आधी पोचणार. गाडी किती मागून आली यावरून दोघी किती लांबून आल्या ते कळतं. एका यंत्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. तीन यंत्रांभोवती तीन वर्तुळं काढली की ती जिथे मिळतात ती जागा."

"म्हणजे कंपासपेटी लागणार," रूपा म्हणाली आणि आत जाऊन स्वतःची जुनी कंपासपेटी घेऊन आली.

त्या दिवसापासून उनझिऱ्यातली यंत्रं तीच बघू लागली. दर हादऱ्याची वेळ, लाटांमधलं अंतर, कुणाला जाणवला, कुंडाचं पाणी किती गरम. लीलाधरभाऊंनी तिला एक कोरी वही दिली आणि वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एका रेघेनं कापून शेजारी लिहायचं, एवढंच बजावलं. आठवड्यात शंभराच्या वर नोंदी झाल्या. सगळे बारीक. माणसाला जाणवतील असे दहात एक.

त्यातही झुंबरबाईंच्या घरच्या यंत्रावर रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास एक विचित्र गोष्ट दिसायची. सलग दोन मिनिटं, तालात, हादऱ्यांची माळ. बाकी दोन यंत्रं त्या वेळी गप्प. नूतनताईंनी त्यावर आठ दिवस डोकं खाजवलं. रात्रीचा गारवा, कुंडातल्या पाण्याचा दाब, खडकातल्या भेगा. इसाकभाईंनी आइसलंडच्या गर्दीत चित्र टाकलं तेव्हा एका परदेशी माणसानं लिहिलं, की असे तालबद्ध हादरे जमिनीखाली लाव्हा सरकताना येतात. त्या दिवशी इसाकभाई जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं.

"मॅडम, ती आमची म्हैस आहे. धार काढून झाली की गोठ्याच्या खांबाला पाठ घासते. खांब आणि कापसाच्या खोलीची भिंत एकच आहे."

नूतनताईंनी फोन ठेवला आणि आठ पानी टिपण फाडून टाकलं. यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला हललं. रूपानं वहीत त्या सगळ्या नोंदी एकेका रेघेनं कापल्या आणि शेजारी बारीक अक्षरात 'म्हैस' असं लिहिलं. नऊ वेळा.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग नूतनताईंच्या हातून एक चूक झाली.

गावातली माणसं घाबरत होती, बायका लहान मुलांना घेऊन अंगणात झोपत होत्या. म्हणून नूतनताईंनी समजावून सांगणारा चार मिनिटांचा व्हिडिओ केला. वर्गात शिकवतात तसाच. सुरुवातीला त्या म्हणाल्या, "आइसलंडमध्येही आधी असेच छोटे छोटे हादरे आले आणि मग ज्वालामुखी फुटला." आणि पुढे म्हणाल्या, "आपल्याकडे असं होणार नाही." का होणार नाही, तेही त्यांनी सांगितलं. आपला काळा खडक लाव्हाचाच आहे, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. कुंडातलं पाणी गरम आहे ते खोल जाऊन वर येतं म्हणून. यंदा पाऊस भेगांमधून खूप मुरला, खडक किंचित सरकत असेल, असा आमचा अंदाज.

कुणीतरी पहिली वीस सेकंदं कापून घेतली. खाली लाल लाव्हाचं चित्र जोडलं. वर लिहिलं, 'उनझिऱ्यात ज्वालामुखी! भूगोलाच्या मॅडमचा इशारा.' तीन दिवसांत तो तुकडा जिल्हाभर फिरला. दुधाच्या गाडीवाल्यानं उनझिऱ्याला येणं बंद केलं. तहसीलमधून माणसं आली, घाबरू नका, सतर्क राहा, असं सांगून गेली. शाळेतल्या शिपायानं नूतनताईंना विचारलं, "मॅडम, फैजपूरपर्यंत येईल का तो?"

आणि तो तुकडा पाचोऱ्यालाही पोचला.

पाचोऱ्याचे धान्याचे अडते तोताराम पाटील यांचा मुलगा प्रेमराज, त्याच्याशी रूपाचं लग्न ठरलं होतं. डिसेंबरात, उनझिऱ्यातच, दारात मांडव घालून. तोतारामांनी झुंबरबाईंना फोन केला. लग्न पाचोऱ्याला कार्यालयात होईल, म्हणाले. तीनशे माणसं मी ज्वालामुखीवर नेऊन बसवणार नाही.

झुंबरबाईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मुलीचं लग्न स्वतःच्या दारात लावायचं हे त्यांनी नवरा गेला त्या वर्षीच ठरवलं होतं.

नूतनताईंना हे कळलं तेव्हा त्या एकट्याच एसटीनं उनझिऱ्याला गेल्या. झुंबरबाई कापूस वेचून नुकत्या घरी आल्या होत्या.

"अक्का, वाक्य माझंच होतं," नूतनताई म्हणाल्या. "पुढचं त्यांनी कापलं, पण तोंड माझं होतं. मी काय करू ते सांगा."

झुंबरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. रागावलेल्या दिसत नव्हत्या. म्हणाल्या, की तोताराम रविवारी दोन पाव्हणे घेऊन येतोय, शेवटचं बोलायला. "तुम्ही अठे या. आनि इतलंच सांगा, आते काहीच व्हणार नही. मॅडमनं सांगं म्हंजे त्या मानतीन."

नूतनताईंच्या हातात तांब्या तसाच राहिला.

"ते मी नाही सांगू शकत, अक्का."

"काबरं?"

"मला माहीत नाही म्हणून. कमी होतायत, हे खरं. पण लग्नाच्या दिवशी एखादा येणारच नाही, असं कुणीही सांगू शकत नाही. मी खोटं सांगितलं आणि त्या दिवशी आला तर?"

झुंबरबाईंनी तांब्या परत घेतला. उठून आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. रूपानं नूतनताईंना फाट्यापर्यंत सोडलं.

"मॅडम, तुम्ही बरोबर आहात," ती म्हणाली. "पण माय रात्री जेवणार नाही आता."

इसाकभाई मात्र चिडले. दुकानात बसून त्यांनी नूतनताईंना पहिल्यांदाच वरच्या आवाजात सुनावलं. "एक वाक्य होतं मॅडम. एका पोरीचं लग्न आहे. दिवसाला तीनवर आलेत हादरे, महिन्याभरानं काय उरणार? बोलून टाकायचं!"

"तुम्ही मोटर भरून देता तेव्हा ती कधीच जळणार नाही असं लिहून देता का?"

इसाकभाईंनी हातातली तार गुंडाळायला घेतली. मग पुटपुटले, "वर्षाची गॅरंटी देतो."

"इथे एका मिनिटाची नाही देता येत."

लीलाधरभाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसून वही चाळत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "भूकंप येईन का नाही हे सोडा ना बापा. आला तं मानूस मरतं कशानं?"

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"भितीनं," लीलाधरभाऊ म्हणाले. "भित पडते अंगावर. मंग जिथी भितच नाही तिथी लगन लावा."

रविवारी दुपारी तोताराम आले. उंच, जाड भिवया, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. झुंबरबाईंच्या ओसरीवर सगळे बसले. रूपा चहा घेऊन आली आणि आत न जाता दाराशीच उभी राहिली. झुंबरबाई नूतनताईंकडे बघत नव्हत्या.

तोतारामांनी चहाला हात लावला नाही. "मॅडम, तुमचा व्हिडिओ पाहिला. सरळ विचारतो. बारा डिसेंबरला इथे भूकंप होईल का?"

"मला माहीत नाही," नूतनताई म्हणाल्या. "कुणालाच माहीत नसतं. जो सांगतो तो खोटं सांगतो."

झुंबरबाईंनी डोळे मिटून घेतले. एक पाव्हणा चप्पल शोधायला लागला.

"पण मला जे माहीत आहे ते सगळं या वहीत आहे," असं म्हणून नूतनताईंनी रूपाची वही तोतारामांपुढे ठेवली. "पंचेचाळीस दिवस झाले. चारशे बारा हादरे. माणसांना जाणवले त्यातले त्रेचाळीस. सगळ्यात मोठा आमच्या हिशेबानं दोन पूर्णांक आठ, त्यात शाळेच्या जुन्या खोलीचा गिलावा पडला. एका दिवसात सर्वांत जास्त आले ते दसऱ्याच्या आठवड्यात. गेल्या आठवड्यात रोज दोन-तीन. ज्वालामुखीचं म्हणाल तर तो इथे नाही. हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते."

तोताराम वही चाळू लागले. पानामागून पान. व्यापाऱ्याची नजर ती, आकड्यांवरून सराईत फिरत होती. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"हे काय? म्हैस?"

दाराशी उभी असलेली रूपा म्हणाली, "ती आमची चूक होती, मामा. कापून ठेवलीय. लपवली नाही."

तोतारामांनी भिवया वर करून होणाऱ्या सुनेकडे पाहिलं. तेव्हा लीलाधरभाऊ उठले. "चला भाऊ, गाव दाखवतो तुमाले."

त्यांनी तोतारामांना गावभर फिरवलं. ही शाळेची जुनी खोली, हिच्याजवळ एकही पाहुणा उतरवायचा नाही. ही पाण्याची टाकी, हिच्या सावलीत गाड्या लावायच्या नाहीत. झुंबरबाईंच्या घरामागे मका काढून मोकळं झालेलं शेत होतं, तिथे ते थांबले. चारी बाजूंना शंभर पावलं भिंत नाही, तार नाही, झाड नाही. मांडव कापडाचा, बांबूचा. स्टेज विटांचं नाही. आचाऱ्याची सिलिंडरं साखळीनं बांधलेली. म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या वाटेच्या कडेला.

"आणि आला तर?" तोतारामांनी विचारलं.

"आला तं खाली बसाचं. मंग उठाचं आन् जेवाचं."

तोताराम काही बोलणार तेवढ्यात तो आला. धडाम. बांधावरचे बगळे एकदम उडाले, ढेकळं पायाखाली थरथरली. तोतारामांनी लीलाधरभाऊंचा दंड दोन्ही हातांनी धरला. मागून येणारा पाव्हणा मटकन खाली बसला. आणि झालं. बगळे पुन्हा उतरले. घरात कुठेतरी एक वाटी गोल गोल फिरून थांबल्याचा आवाज आला.

"किती?" तोतारामांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

इसाकभाई ओसरीवरून लॅपटॉप हातावर धरून पळत येत होते. "एक पूर्णांक नऊ! जास्तीत जास्त दोन!"

"बस? एवढाच?"

"एवढाच."

"दाखवा."

शेताच्या बांधावर बसून तोतारामांनी ती रेघ पाहिली. हा कुठला काटा, तो कुठला, मोटारसायकल कुठली आणि बैलगाडी कुठली. मग म्हणाले, आता वर्तुळं काढून दाखवा. रूपानं कंपासपेटी आणली आणि नकाशावर तीन वर्तुळं काढली. तिसरं वर्तुळ पहिल्या दोघांना नेमकं जिथे भेटलं तिथे तोतारामांनी स्वतःच्या पेनानं ठिपका दिला. सोबतचे पाव्हणे दोनदा घड्याळ दाखवून गेले, तोतारामांचं लक्ष नव्हतं.

उठताना ते नूतनताईंना म्हणाले, "माझ्या अडतीवर रोज पन्नास माणसं मला खात्री देतात, की माल कोरडा आहे. खात्री देत नाही म्हणणारी बाई आजच भेटली." मग झुंबरबाईंकडे वळले. "विहीणबाई, लग्न इथेच. त्या शेतात. पण सिलिंडरं बांधलेली मी स्वतः बघणार."

झुंबरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदा नूतनताईंकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, सगळासले जेवाले थांबाडा. वरन-बट्टी करस."

बारा डिसेंबरला लग्न लागलं. तीनशेच्या जागी सव्वाचारशे माणसं आली, कारण त्या व्हिडिओमुळे उनझिरे पाहायची उत्सुकता सगळ्यांनाच होती. जेवायच्या आधी निम्मं वऱ्हाड कुंडात पाय बुडवून आलं. मंगलाष्टकं चालू असताना एक बारीक हादरा आला खरा. अंतरपाट थरथरला. भटजी थांबले आणि त्यांनी मांडवाच्या कडेला लॅपटॉपपाशी बसलेल्या इसाकभाईंकडे पाहिलं. सव्वाचारशे माणसांनी पाहिलं. इसाकभाईंनी एक बोट वर केलं, आणि मग हात हलवून खूण केली, की एकच्याही खाली. भटजींनी पुढची ओळ उचलली. अक्षता पडल्या.

रुखवतात चिवडा-लाडूंच्या ताटांशेजारी, लोकरीच्या बाहुल्यांच्या मध्ये, एक काचेची पेटी होती. तिच्यात चुंबक, स्प्रिंग आणि तांबड्या तारेचे वेढे. इसाकभाईंनी रूपासाठी बांधलेलं चौथं यंत्र. पाचोऱ्याच्या बायका तिच्याभोवती उभ्या राहून हे नेमकं कशात घालून शिजवायचं याचा विचार करत होत्या. हमीदाभाभी त्यांना हसू आवरत समजावत होत्या.

जानेवारीत सरकारी खात्याची माणसं मोठी यंत्रं घेऊन उनझिऱ्याला दहा दिवस राहिली. तोवर हादरे आठवड्याला एकदोनवर आले होते. त्यांनी रूपाची वही मागून घेतली आणि सगळी पानं फोटो काढून नेली. त्यांच्यातल्या एका तरुण बाईंनी नकाशा पसरून सांगितलं, की तुमचं केंद्र अडीच किलोमीटर चुकलंय, खरं ते उत्तरेला डोंगराखाली आहे, आणि तुम्ही समजता त्याहून उथळ. दोन पूर्णांक आठ म्हणता तो दोन पूर्णांक पाच असावा. परतीच्या वाटेवर, यावल मागे पडल्यावर, इसाकभाई एकदम म्हणाले, "पण मॅडम, त्या मोजणी बरोबर आहे म्हणाल्या ना? एक पण सुटला नाही म्हणाल्या."

"म्हणाल्या."

"अडीच किलोमीटर म्हणजे काय, वेढे थोडे जास्त हवेत. शंभर-दीडशे." आणि फैजपूर येईपर्यंत ते वेढ्यांबद्दलच बोलत राहिले.

फेब्रुवारीत शाळेची मधली सुट्टी चालू असताना नूतनताईंचा फोन वाजला. तोताराम होते. आवाज दबलेला, घाईचा.

"मॅडम, पाचोऱ्यात हादरे सुरू झालेत. मी आठ दिवस बघतोय. दर वीस-पंचवीस मिनिटांनी. काही तर चार-चार मिनिटं चालतात. मी सगळे लिहून ठेवलेत. दोनशे साठ."

नूतनताई खुर्चीत सरळ बसल्या. "घर कुठे आहे तुमचं?"

"स्टेशनच्या अगदी मागे. यंत्र गच्चीच्या जिन्याखाली ठेवलंय."

नूतनताईंनी तोंडावर हात ठेवला. हसू दाबून विचारलं, "रूपा काय म्हणाली?"

"ती म्हणते रेल्वे आहे. मी म्हटलं, पोरी, इतकी वर्षं या घरात राहतोय, मला गाडी कळत नाही का? पण तिनं टाइमटेबल आणून समोर ठेवलं." तोतारामांनी आवाज आणखी खाली आणला. "मॅडम, कापू का मग सगळे?"

"एका रेघेनं कापा. आणि शेजारी गाडीचं नाव लिहा."

"मालगाड्यांना नावं नसतात."

"मग मालगाडी लिहा."

"बरं," तोताराम म्हणाले. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला, मग पेनाच्या टोपणाचा. "पण यातला एक, परवा दुपारी दोन चाळीसचा, तो कुठल्याच गाडीच्या वेळेत बसत नाही. तो तेवढा ठेवतो. तुम्ही एकदा येऊन बघून जा."